डायनासोरचं शेण आणि माझा पेपरवेट

माझ्या कम्प्युटरशेजारी गेली चार वर्षं डायनासोरची शी पडलेली आहे. सकाळच्या चहाबरोबर हे वाचत असाल तर सॉरी हं! पण घाबरू नका, वास वगैरे काही येत नाही. तिचा कधीच दगड झालाय. मध्यम बटाट्याएवढा, तपकिरी, एका बाजूला चिरा पडलेला. एका वाढदिवसाला ऑफिसातल्या ग्रुपने गिफ्ट दिलेला. (तेव्हा मी नोकरी करायचे आणि दर महिन्याला पगार व्हायचा. गेले ते दिवस!) कुठल्याशा प्रदर्शनात रंगीत दगडांच्या स्टॉलवर मिळाला म्हणे. सोबत एक चिठ्ठी होती, 'डायनो पूप, सहा कोटी वर्षं जुनी'. मी तो बिलांच्या गठ्ठ्यावर ठेवला आणि घरी येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात देऊन 'ओळख बघू काय आहे?' असं विचारायचा फंडा सुरू केला. पार्टीत हमखास हिट!

एप्रिलमध्ये संपादकांनी 'ऑफबीट वीकएन्ड'साठी विषय मागवले. गोकर्ण, तारकर्ली, हंपी हे सगळं इतरांनी पटापट उचललं. माझं स्वप्न म्हणाल तर मंगोलियातलं गोबीचं वाळवंट. तिथे बायनझाग नावाचे लालभडक कडे आहेत, इंग्रजीत 'फ्लेमिंग क्लिफ्स'. १९२३ साली रॉय चॅपमन अँड्र्यूज या अमेरिकन माणसाच्या मोहिमेला तिथे डायनासोरच्या अंड्यांची घरटी सापडली आणि जगभर बोलबाला झाला. पण फ्रीलान्सरच्या चेकमध्ये गोबी बसत नाही. मग नेटवर शोधाशोध करता करता एक नाव समोर आलं : पिजदुरा, तालुका वरोरा, जिल्हा चंद्रपूर. डायनासोरच्या हाडांसाठी आणि त्याहून जास्त त्यांच्या 'त्या' दगडांसाठी जगभरच्या शास्त्रज्ञांना ठाऊक असलेलं गाव. आपल्या महाराष्ट्रात! आणि माझी सख्खी आत्या राहते वाशीम जिल्ह्यातल्या धनजला, कारंजा तालुक्यात. म्हणजे अर्ध्याहून जास्त वाट झालीच, शिवाय राहायची आणि जेवायची सोय फुकट.

'समृद्धी'वरून कारंज्याला उतरले आणि धनजला पोचले तेव्हा आत्या गच्चीवर कुरड्या घालत होती. मे महिन्याचा शेवटचा आठवडा, पारा ४४वर. मी कुठे निघालेय ते तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजे शेन पाहाले चाल्ली तू?"

"आत्या, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचं आहे ते."

"मंग वाळलं असन आता." एवढं बोलून तिने सोऱ्यात पुढचा चीक भरला.

लाव्ह्याच्या काठापर्यंत

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला आतेभाऊ, म्हणजे आमचा दादा, गाडी घेऊन तयार. धनज, कारंजा, दारव्हा, यवतमाळ, वणी आणि वर्धा नदी ओलांडून वरोरा. चहा-नाश्त्याच्या स्टॉपसकट पाच तास. रस्ता तसा बोअर आहे, खोटं कशाला सांगू? पण रस्त्याखाली काय आहे ते कळलं की सॉलिड मजा येते.

धनजमध्ये विहीर खणली की काळी माती, मग मुरूम आणि मग काळा दगड लागतो. हा दगड म्हणजे थिजलेला लाव्हा. ६ कोटी ६० लाख वर्षांच्या आसपास दख्खनमध्ये जमिनीला भेगा पडून हा लाव्हा थरावर थर वाहत राहिला. सह्याद्री त्याचाच, अजिंठ्याची लेणी त्यातच कोरलेली आणि आत्याच्या अंगणातला वरवंटाही त्याचाच. लाव्हा पसरण्याआधी इथे जी जमीन होती, जी तळी होती, ती सगळी त्याखाली गाडली गेली. म्हणजे धनजच्या खाली डायनासोर असतीलही, पण ते पाहायला एवढा दगड कोण फोडणार? पूर्वेकडे जाल तसा हा दगडी थर पातळ होत जातो आणि चंद्रपूर जिल्ह्यात त्याचा काठ येतो. तिथे लाव्ह्याच्या खालची जुनी जमीन उघडी पडते. जबलपूरजवळ नर्मदेवर लमेटा घाट आहे, त्यावरून या खडकांना 'लमेटा' म्हणतात. आमचा प्रवास म्हणजे जाड सतरंजीच्या मधोमध निघून तिच्या काठापर्यंत जायचं आणि तिथे ती उचलून खाली डोकवायचं, असा होता.

मधे वणीला कोळशाचे ट्रक आडवे आले. दादा म्हणाला, "हा कोळसा म्हणजे डायनासोरचाच ना?" नाही. वणीचा कोळसा २५ कोटी वर्षांहून जुना आहे. तो तयार झाला तेव्हा डायनासोर जन्मालाही आले नव्हते. दादाला हे पटलं नाही, पण त्याने गाणी लावली आणि विषय संपला.

वरोरा म्हटलं की आपल्याला बाबा आमट्यांचं आनंदवन आठवतं. पण आम्ही तिकडे न वळता स्टेशनवर गेलो. तिथे नागपूरहून रेल्वेने आलेली माझी मैत्रीण उभी होती. तिने नागपुरातून जिऑलॉजीत एम.एस्सी. केलंय, आणि लमेटाच्या खडकांवर तिची पायपीट झालेली आहे. मी पर्समधून पेपरवेट काढून मोठ्या कौतुकाने तिच्या हातात ठेवला. तिने तो उलटासुलटा करून पाहिला.

"कुठला गं हा?"

"प्रदर्शनातला."

"तसं नाही. कुठल्या गावचा, कुठल्या शेतातला, कुठल्या थरातला?"

मी चिठ्ठी दाखवली. तिने ती वाचली, दगड परत दिला आणि म्हणाली, "असेलही तसला. पण आता याचा उपयोग बिलं दाबायलाच." माझा चेहरा पडला.

आंबे पाडायचे गोटे

पिजदुऱ्यात वाळवंट नाही, लाल कडे नाहीत, तिकीट खिडकी तर नाहीच. सपाट शेतं आहेत. (परदेशी शोधनिबंधांत गावाचं नाव 'पिसदुरा' असं छापतात. गुगल करताना लक्षात ठेवा.) आदल्या दिवशी वळवाची एक सर पडून गेली होती आणि वखरलेल्या शेतात काही ठिकाणी माती चक्क लाल दिसत होती. "ही तळ्याकाठची आणि पुराच्या पाण्याने आणून टाकलेली माती," मैत्रीण म्हणाली. डायनासोरांच्या काळात या भागात तळी होती, दलदल होती, पाऊस आला की पाणी पसरायचं. भारत तेव्हा बेट होता, विषुववृत्ताच्या दक्षिणेला, मादागास्करपासून सुटून उत्तरेकडे सरकत निघालेला.

गावातून एक काका सोबत आले, शेत त्यांचंच. डोक्याला दुपट्टा, हातात पाण्याची बाटली.

"तुमी बी गोटेच पाहाले आल्या का जी?"

हो म्हटल्यावर ते आम्हाला थेट धुऱ्यावर घेऊन गेले. वखराला लागलेले दगड वर्षानुवर्षं तिथे फेकलेले. पहिली पाच मिनिटं मला सगळे नुसते दगडच दिसत होते. मग एकदम डोळा बसला. हा, हा आणि तो पण! गोल, लांबट, एका टोकाला निमुळते, काही चपटलेले, काहींवर चिरा. माझ्या टेबलावरच्या नगाची भावंडं.

"लहानपनी आमी यायनंच नेम धरून आंबे पाडो," काका म्हणाले. मग जरा जवळ येऊन, हळू आवाजात, "खरंच शेन हाय का जी हे?"

मैत्रिणीने सांगितलं, हो. काका बराच वेळ हसले. "माह्या म्हशीचं एका पावसात वाहून जाते. अन् हे पाहा!"

तर हे टिकलं कसं? शेण ओलसर मातीत पडलं, वरून गाळ बसला, हळूहळू पाण्यातल्या खनिजांनी त्याची जागा घेतली, वर लाव्ह्याचं झाकण बसलं. इंग्रजीत याला 'कॉप्रोलाइट' असं सभ्य नाव आहे. पिजदुऱ्याचे जीवाश्म इथल्या लोकांच्या हातात पिढ्यान्‌पिढ्या होते, पण शास्त्राच्या वहीत ते आले १९व्या शतकाच्या मध्यावर, नागपूरच्या स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर या दोन स्कॉटिश मिशनऱ्यांमुळे. हिस्लॉप म्हणजे हिस्लॉप कॉलेजवाले, तेच. रविवारी प्रवचन आणि बाकीच्या दिवशी दगड, असा त्यांचा छंद. १८६३ साली टाकळघाटची जुनी शिळावर्तुळं पाहून परतताना ओढ्याच्या पुरात ते वाहून गेले. पुढे १९३९ साली चार्ल्स मॅटली यांनी खास पिजदुऱ्याच्या या दगडांवर निबंध लिहिला आणि त्यांच्या आकारावरून प्रकार पाडले. एका माणसाने शेणाचं असं वर्गीकरण करत बसावं, याचं हसू येतं ना? मलाही आलं होतं. पण खरी धमाल पुढेच आहे.

ज्वारीच्या पात्यातली काच

लहानपणी धनजला सुट्टीत गेलं की ज्वारीच्या शेतात धावायचो आणि पात्याने हात कापायचा. गवताची पाती धारदार असतात, कारण गवत जमिनीतली सिलिका शोषून पेशींमध्ये साठवतं. म्हणजे जवळजवळ काचच. पान कुजतं, पण ही बारीक काच कुजत नाही, आणि प्रत्येक कुळातल्या गवताच्या काचेचा आकार वेगळा असतो. या कणांना 'फायटोलिथ' म्हणतात.

लखनौच्या बिरबल साहनी इन्स्टिट्यूटच्या डॉ. वंदना प्रसाद, स्वीडनहून डॉ. कॅरोलिन स्ट्रोमबर्ग, हबीब अलीमोहम्मदियन आणि डॉ. अशोक साहनी यांनी पिजदुऱ्याच्या दगडांचे तुकडे घेतले, रसायनांत विरघळवले आणि उरलेला गाळ मायक्रोस्कोपखाली धरला. त्यात काय नव्हतं? सूचिपर्णी झाडं होती, सायकॅड होते, पाम होते. आणि गवत होतं! एक नाही, निदान पाच जातींचं. २००५च्या नोव्हेंबरमध्ये हा निबंध 'सायन्स'मध्ये छापून आला आणि जगभर गाजला. कारण तोवर असं मानायचे की गवत आलं ते डायनासोर संपल्यावर. डायनासोरच्या चित्रांत पायाखाली हिरवळ दाखवली की जाणकार नाक मुरडायचे. या शेणाने त्यांना गप्प केलं. शिवाय त्यातल्या काही गवतांचं नातं आजच्या भात आणि बांबूच्या घराण्याशी लागत होतं. २०११ साली त्याच दिशेने आणखी एक निबंध आला, भाताचं कूळ डायनासोरांच्या काळातच वेगळं झालं होतं असं सांगणारा. म्हणजे तुमच्या डब्यातल्या भाताच्या पणजीला टायटॅनोसॉर चरत होते. हे शेण बहुधा त्यांचंच, कारण त्या लांब मानेच्या, शाकाहारी, अजस्र प्राण्यांची हाडं याच थरांत मिळतात. गवत हे काही त्यांचं मुख्य जेवण नव्हतं हं, मधेच कोशिंबीर म्हणा.

आता इथे मैत्रिणीने स्टेशनवर विचारलेला प्रश्न आठवा. कुठला गं हा? समजा, लखनौच्या त्या मंडळींनी माझा पेपरवेट विरघळवला असता आणि त्यात भाताचं गवत मिळालं असतं. मग? काहीच नाही. तो लाव्ह्याच्या खालचा की वरचा, साडेसहा कोटी वर्षांचा की दोन कोटींचा, कोणी सांगावं? पिजदुऱ्याच्या दगडांना किंमत आहे ती हा थर आणि त्यावरचं लाव्ह्याचं झाकण माहीत आहे म्हणून.

हे सगळं मला त्या उन्हात नीट समजलं होतं, अगदी वहीत लिहूनसुद्धा घेतलं होतं. तरी मी पुढे काय केलं ते ऐका.

सॅकच्या बाजूच्या खिशात

मैत्रीण शेताच्या दुसऱ्या टोकाला बसून, शेजारी पेन ठेवून एका हाडाच्या तुकड्याचे फोटो काढत होती. (हाड आहे का दगड हे ओळखायला तिने तो तुकडा चक्क जिभेला लावला. हाडाला बारीक छिद्रं असतात, म्हणून ते जिभेला चिकटतं. मी ट्राय केलं नाही.) दादा झाडाखाली झोपलेला. आणि माझ्या पायाशी, लाल मातीत अर्धवट रुतलेला एक नग. माझ्या पेपरवेटपेक्षा मोठा, गुळगुळीत, एकही चीर नाही. परफेक्ट पीस! आजूबाजूला शेकडो पडलेत, एकाने काय होतंय? मी वाकले, उचलला, सॅकच्या बाजूच्या खिशात टाकला. दोन सेकंदांचं काम.

मग धुऱ्यावर येऊन काकांशी गप्पा मारत बसले. ते सांगत होते, मागे कधीतरी गाडी घेऊन लोक आले होते. "पोतंभर घेऊन गेले जी. पोराले शंभराची नोट देल्ली, अन् त्यानंच येचून देल्ले. मले वाटलं, बरं झालं, वावर साफ झालं."

त्या पोत्यातलाच एखादा फिरत फिरत प्रदर्शनातल्या स्टॉलवर पोचला नसेल? मला सॅक एकदम जड वाटायला लागली. पाणी प्यायच्या बहाण्याने उठले आणि दगड परत ठेवायला गेले.

आणि मला जागाच सापडेना!

शप्पथ सांगते, दहा मिनिटंसुद्धा झाली नव्हती. लाल माती तीच, ढेकळं तीच, पण तो रुतलेला होता तो खळगा कुठला? हा की तो? वखराच्या तासांत सगळे खळगे सारखेच. मी भर उन्हात येड्यासारखी गोल गोल फिरत होते. शेवटी मैत्रिणीने लांबून विचारलं, काय हरवलं? सांगावंच लागलं. ती रागावली नाही, तेच जास्त लागलं. तिने दगड हातात घेतला आणि धुऱ्यावरच्या ढिगात ठेवून दिला. "आता हा पण तुझ्या पेपरवेटचा भाऊ."

"मग तो पेपरवेट पण इथेच ठेवू का? म्हणजे परत केल्यासारखं..."

"अजिबात नाही! तो इथलाच आहे कशावरून? उद्या कोणी तो उचलून इथला समजून अभ्यास केला तर? ने तो घरी."

घराण्याचं नाव

परतताना तालुक्यातल्याच डोंगरगावची टेकडी पाहिली. इथे १९८४ ते १९८६मध्ये कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या लोकांनी एका टायटॅनोसॉरचा सांगाडा काढला. भारतात मिळालेल्या डायनासोरांत इतका बराचसा सांगाडा मिळालेले फारच थोडे. त्याच्या पुढच्या पायाचं नुसतं वरचं हाड १४८ सेंटिमीटर. म्हणजे आमची आत्या! १९९७ साली सोहनलाल जैन आणि शाश्वती बंदोपाध्याय यांनी त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं आणि २००३ साली त्याला नाव मिळालं 'इसीसॉरस', संस्थेच्या आद्याक्षरांवरून. पिजदुऱ्याच्या नावावर तर एक साप आणि एक कासव आहे. 'मॅडसोइया पिसदुरेन्सिस' या सापाचं नाव २०११ साली ठेवलं गेलं, आणि त्याचे जातभाई मादागास्करला मिळालेत. कासवाचं हल्लीचं नाव 'जैनेमिस पिसदुरेन्सिस', त्यातले जैन म्हणजे तेच सोहनलाल जैन. काकांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "अन् आमच्या गावात कोनाले मालूम नाई!"

गोबीवाल्यांना मात्र सगळं मालूम आहे. २०१२ साली न्यूयॉर्कमध्ये एका टार्बोसॉरसच्या सांगाड्याचा दहा लाख डॉलरहून जास्त किमतीला लिलाव झाला. मंगोलियाने हरकत घेतली, अमेरिकी सरकारने कोर्टात दावा ठोकला, आणि पुढच्या वर्षी तो सांगाडा मायदेशी परत गेला. देश परत मिळाला. पण चोरून उकरणारा माणूस जागेची नोंद थोडीच ठेवतो? आपल्याकडे डिसेंबर २०२२मध्ये केंद्राच्या खाण मंत्रालयाने भूवारसा जपणाऱ्या कायद्याचा मसुदा लोकांच्या सूचनांसाठी मांडला होता. कायद्याचं काय व्हायचं ते होवो, मला मध्य प्रदेशातल्या पाडल्या गावची गोष्ट जास्त आवडते. धार जिल्ह्यातल्या या गावात लोक शेतात मिळालेले गोल दगड 'काकड भैरव' म्हणून पुजत होते. २०२३च्या डिसेंबरमध्ये बातमी आली की ती डायनासोरची अंडी आहेत. देव होते म्हणून ती गावातच राहिली. शेणाला कोण देव करणार, हा प्रश्न आहेच.

संपादकांना लेखासोबत 'कसं जाल?' अशी चौकट हवी होती. तर घ्या : नागपूर-चंद्रपूर रेल्वेमार्गावर वरोरा. पावसाच्या आधी किंवा दिवाळीनंतर जा, टोपी आणि पाणी न्या, कोणाचंही शेत असलं तरी आधी विचारा. गावात हॉटेल नाही. शेत नेमकं कुठलं, ते मी लिहिलेलं नाही. फोटोंमध्येही मागचं झाड आणि विहीर मुद्दाम कापली आहे. यावरून आमची फोनवर वादावादी झाली आणि चौकट दोन ओळींची झाली.

रात्री दहाला धनजला पोचलो. आत्याने गरम भाकरी आणि ठेचा वाढला.

"मंग? आनलं का शेन?"

"नाही."

"येवढ्या उन्हात गेली अन् रिकाम्या हातानं आली?"

मी पर्समधून पेपरवेट काढून टेबलावर ठेवला आणि त्याची सगळी गोष्ट सांगितली. चिठ्ठीवर 'सहा कोटी वर्षं जुनी' खोडून मैत्रिणीने गाडीतच लिहिलं होतं, 'ठिकाण माहीत नाही'. आत्याने ते चष्मा लावून वाचलं.

सकाळी उठून पाहते तर टेबलावर फक्त चिठ्ठी. पेपरवेट गायब! शोधत गच्चीवर गेले. रात्रीपासून वारा सुटला होता आणि कुरड्यांच्या धोतराच्या चारही कोपऱ्यांवर आत्याने वजनं ठेवली होती : एक वरवंटा, एक वीट, एक तांब्या, आणि तो.